पेटी मले, चावी जवायाले

बाबा, तुमच्या पणतीचं लग्न ठरलं. माह्या पोराची पोरगी, जिले तुम्ही पाहिलंच नाही. उंच आहे, नाक तुमचं आहे, अन राग आला की तुमच्यासारखंच ताट पुढं सरकवून देते. दुर्गच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाले आहे. दिवसभर लोकाईचं रक्त काढते अन घरी येऊन माहा हात धरून म्हणते, आजी, तुझी नस क्या मस्त है, एका टोचण्यात सापडते. या वयात कोणी नसेची तारीफ केली तरी घ्यायची असते, मी घेते. मले किती आनंद झाला हे तुमाले सांगावं म्हणूनच बसली होती. तिच्या कॉलेजच्या वहीत कोरी पानं उरली होती, ती घेतली, चष्मा पुसला. तुम्ही मले चौथीत शाळेतून काढलं त्याच्यानंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही, तवा जोडाक्षरं चुकतील, सांभाळून घेजा. पण आनंदाचं एक पान भरायच्या आधीच दुसरं काही वर येऊन राहिलं आहे, तं आता तेच लिहिते. तुम्ही गेल्यावर तुमाले कोणी काही बोललं नाही. तुम्ही होते तवाही कोणी बोललं नाही.

तुमाले ठाऊक नसेल, पण तुमची पोरगी आता भिलाईच्याच कोहक्यात लय नावाजलेली बाई आहे. आम्ही आता इथंच राहतो, दोन खोल्या, मागं थोडीशी जागा, तिथं मी लाल भाजी लावली आहे. लग्न ठरलेले पोरं-पोरी माह्या सैपाकाच्या खोलीत येऊन बसतात. मी त्याईच्यामध्ये भाजीचा ढीग टाकते अन म्हणते, निवडा. खाली मान घालून पानं तोडता तोडता मग मी हळूच विचारते, काय बाप्पा, महिन्याले हातात किती येते. घरी किती द्या लागते. कोणाले देता अन ते कोणाले माहीत नाही. माणूस एकमेकाच्या तोंडाकडं पाहून हे नाही सांगू शकत, भाजीकडं पाहून सांगते. हे मी कोणाजवळ शिकली नाही. शेजारची पोरगी अन तिचा होणारा नवरा पत्रिका द्याले आले होते, मी भाजी निवडून राहिली होती, दोघाईच्या पुढं एक एक जुडी सरकवली अन गंमत म्हणून विचारलं. पोट्टा हसला. मग हसता हसता त्यानं सांगतलं की गाडीची किस्त अजून दोन वर्षं आहे. पोरीच्या हातातली काडी तशीच राहिली, तिले वाटत होतं गाडी त्याच्या बापानं घेऊन दिली. तिथंच दोघं बसून भांडले, चहा पिले, अन समजून गेले. आता त्याईचं पोरगं शाळेत जाते.

त्याच्यानंतर आया आपल्या पोरं-पोरीईले माह्याकडं पाठवाले लागल्या. पण पैशाचं बोलाले पाठवतो असं कोणी म्हणत नाही. आपल्यात ते चालतच नाही ना. म्हणतात, आजीकडं भाजी निवडाले जाऊन या. परवा एक पोरगा आपल्या मायले संगं घेऊन आला, अन मी काही विचारलं की मायच उत्तर दे. पगार मायनं सांगतला, बचत मायनं सांगतली. मी म्हटलं, बाई, तुमचं लग्न आहे का याचं. तिले मागच्या वाफ्याले पाणी घालाले पाठवलं तवा पोरगा बोलला. अन मी हसते, सगळ्याईले हसवते, खीर खाऊ घालते. पण आतून मले दर वेळी एकच वाटते. हा भाजीचा ढीग एकदा तुमच्यापुढं टाकाले पाहिजे होता.

हुंडा घ्यायचा नाही, द्यायचा नाही, ही आपली शान. विहारात पांढरे कपडे, वंदना, दोन हार, अन झालं लग्न. तुम्ही ते कावून धरून होते हे मले माहीत आहे. तुमच्या बहिणीच्या लग्नात आजोबानं गावाकडचे बैल विकले, सासरच्याईनं अजून मागितलं, अन वर्षाच्या आत ती रडत परत आली. भंडाऱ्याकडून भिलाईले स्टील प्लांटात कामाले येताना तुम्ही ते बैल डोक्यात घेऊन आले. चांगलं केलं. तुमच्या जिद्दीपायी आपल्या वस्तीत, कॅम्प एकमध्ये, किती घरं वाचली असतील. पण बाबा, हुंडा मागणं वेगळं अन पोराच्या हातात काय पडते हे विचारणं वेगळं. एवढा फरक मले, चौथी शिकलेलीले, समजते. तुम्ही तं सभेत भाषण देत होते.

आपलं घर कसं होतं ते आठवते का तुमाले. तुम्ही नाइट शिफ्ट करून आले की दिवसा झोपत. माय खिडकीले चादर बांधे, नळाखाली फडकं ठेवे, थेंबाचा आवाज नको म्हणून. आम्ही दोघी बहिणी बांगड्या कोपराकडं सरकवून घेत होतो अन मग भांड्याले हात लावत होतो. कोणी शिकवलं नव्हतं, तुमच्या चपला दारात दिसल्या की हात आपोआप वर जाये. मग तुम्ही जागे असले तरी तसंच. घरात जे काही बोलाचं ते बांगड्या वर घेऊन बोलाचं.

माहं ठरलं त्या दिवशी तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आले होते. प्लांटातल्या कोळशाच्या भट्टीची, कोक ओव्हनची, काळी धूळ कितीही धुतली तरी तुमच्या कानामागं राहे. तुम्ही जेवाले बसले, वांग्याची भाजी होती. माय वाढून राहिली होती अन मी चुलीपाशी. मायनं लय हळू आवाजात म्हटलं, "पोराच्या हाती पगार किती येते, एखाद्याले विचारा ना. तुमच्याच प्लांटात आहे म्हणतात."

तुम्ही घास खाली ठेवला. म्हणाले, "पोरगी इकून राहिली का तू? पैशाचं विचारलं तं आपल्यात अन हुंडा मागणाऱ्याईत फरक काय राहिला?"

माय म्हणे, "इकत नाही, पोरगी खाईल काय तेवढं विचारून राहिली."

तुम्ही ताट सरकवलं. भाजीचा रस जमिनीवर सांडला तो मी पुसला. माय त्याच्यानंतर माह्या लग्नापर्यंत लग्नाचा शब्द बोलली नाही. लग्नात मिरवली, हसली, पण बोलली नाही.

मग पाहाले आले ते लोक. तुमचे जवाई खाटेच्या काठावर बसले होते, केसाले तेल लावलेलं, दोन्ही हात गुडघ्यावर. मी पोहे घेऊन आली. मी खाली पाहून राहिली होती, पण कान तं उघडे होते. त्याईनं गळा साफ केला अन म्हटलं, "बाबाजी, माहं काम जे आहे, ते असं आहे की..." तुम्ही हात वर केला. जशी गाडी थांबवतात तसा. म्हणाले, "या घरात पैशाची गोष्ट होत नाही. पोरगा निर्व्यसनी आहे, मले पुरे." सगळे खूश झाले. तुमचा दोस्त म्हणाला, वा, याले म्हणतात विचार. तुमच्या जवायानं तोंड मिटून घेतलं. मले वाटलं लाजला असेल.

विहारात तुम्ही उभे राहून सांगतलं, या लग्नात रुपयाचा शब्द निघणार नाही. टाळ्या पडल्या. अन मग तुम्ही ती पेटी पुढं आणली. तुमच्या वेल्डिंगवाल्या दोस्ताकडून बनवून घेतली होती, जाड पत्र्याची, कोपरे गोल घासलेले, झाकणावर निळा रंग. पोरीले तिचं स्वतःचं काही असलं पाहिजे, म्हणाले. पेटी माह्या मांडीवर ठेवली. चावी जवायाच्या हातात दिली. बाबा, ते तुम्ही मुद्दाम नाही केलं, मले माहीत आहे. तुमच्या मनातही आलं नसेल. तेच मले जास्त लागते. मुद्दाम केलं असतं तं भांडता तरी आलं असतं.

पगाराचा दिवस आला. तुमाले माहीत आहे पगाराच्या दिवशी बजार कसा राहे, घरोघरी मटणाचा वास, पोराईले नवे चड्डी-बनियान. आमच्या आजूबाजूच्या बाया थैल्या भरून येऊन राहिल्या होत्या. मी केस विंचरून, चहाचं पाणी ठेवून दारात बसली. ते आले, सायकल टेकवली, हात धुतले, अन भाकर मागितली. मी म्हटलं, "आज पगार नाही का झाला?" ते म्हणाले, "ठेकेदार पुढच्या हप्त्यात देतो म्हणते." मी हसली. मले वाटलं मजाक करून राहिले. म्हटलं, "कोणता ठेकेदार?" त्याईनं माह्याकडं पाहिलं, अन मग मले समजलं की हा माणूस मजाक करत नाही. तुम्ही परमनंट होते बाबा, अन ते ठेकेदाराच्या हाताखाली रोजीवर होते. गेट पास दोघाईकडंही होता. गेटातून सायकल दोघाईचीही आत जाये. एका माणसाले विचारलं असतं, फक्त एका, तुमच्याच शिफ्टमधल्या, तं समजलं असतं. ते म्हणाले, "मी सांगाची तयारी करून आलो होतो. शब्द पाठ करून आलो होतो. तुह्या बाबानं हात वर केला." मग थांबून म्हणाले, "मले वाटलं, त्याईले माहीत असेल."

चांगला माणूस होता. हे मी आधी लिहाले पाहिजे होतं. कदी हात नाही उचलला, दारू नाही. पण ती शरम त्याईच्या अंगात जी घुसली ती गेली नाही, की आपण फसवून आणलं हिले. फसवलं तं त्याईनं नव्हतंच. काम सुटलं की दोन-दोन दिवस घरी सांगत नव्हते, डब्बा घेऊन निघत, कुठं तरी झाडाखाली बसून डब्बा खात अन टायमावर घरी येत. पेटीची चावी कमरेच्या करगोट्याले बांधून ठेवत. पेटीत ठेवाले काही नव्हतं, तरी चावी बांधलेली. मले हे विचाराचीही हिंमत नव्हती. तुमच्या घरातून मी तेच शिकून आली होती, पैशाचा शब्द काढला की ताट सरकते.

मग मी सेक्टरात, प्लांटच्या क्वार्टराईत, साहेब लोकाईच्या घरी भांडे घासाले लागली. पोरगा कडेवर होता तवा. एक दिवस मागच्या अंगणात बसून कढई घासून राहिली होती, अन कुंपणाच्या पलीकडून तुमची सायकल आली. तुम्ही मले पाहिलं. मी हात वर केला, राखेचा हात. तुम्ही घंटी नाही वाजवली. मान पुढं करून निघून गेले. संध्याकाळी घरी आले, नातवासाठी जिलेबी घेऊन. खाटेवर बसले, त्याले मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडात पाक लावला, अन मले म्हणाले, "जवाई चांगला आहे तुहा, पिऊन येत नाही." एवढंच. मी चहा केला. तुमच्या कपाखाली बशी ठेवली तवा पाहिलं, बांगड्या वर घेतल्या होत्या मी. तुमच्या जिलेबीची चव माह्या पोराले आजही आठवते. म्हणते, नानाजी क्या जिलेबी लाते थे.

तं हा माहा पोरगा, तुमचा लाडका नातू. आता तोही ठेकेदाराकडंच आहे, सुपरवायझर आहे, पांढरी टोपी घालते. समोरच्या खोलीत तुमचा फोटो त्यानंच लावला, मोठा करून, लाकडी फ्रेममध्ये. कोणी पाहुणा आला की सांगते, हमारे नानाजी ने कॅम्प में हुंडा बंद करवाया था. मले तुमची पोरगी असूनही एवढं भाषण नाही देता येत. पोरीचं ठरलं, पोरगा दुर्गकडच्या बोरसीचा, रेल्वेत आहे, कमी बोलणारा. मी खूश होऊन म्हटलं, रविवारी दोघाईले बसवते भाजीले. तो म्हणाला, "नाही आई. माझ्या पोरीची भाजी नाही निवडायची."

मी म्हटलं, "कावून? सगळ्या कोहक्याची निवडते."

"सगळ्या कोहक्याची निवड. आपल्या घराण्यात पैशाची बात नाही झाली कदी. नानाजीच्या फोटोखाली बसून तू त्याला पगार विचारशील?"

"फोटो समोरच्या खोलीत आहे. मी सैपाकाच्या खोलीत विचारीन."

तो हसला नाही. सून पोळ्या लाटत राहिली. अन मी गप बसली. विचार करा बाबा, लोकाच्या पोरीईले मी बोलाले लावते, अन माह्या घरात माहंच तोंड बंद. तुम्ही भिंतीवर लटकून राहिले, तरी हात वरच.

पण पोट्टीच स्वतः घेऊन आली त्याले. बाप सेकंड शिफ्टले गेला होता, माय तिच्या बहिणीकडं. दुपारची वेळ. दोघंही दारात उभे, अन ही म्हणते, "आजी, भाजी आहे का?" मी पाहिलं तिच्याकडं. आवाज नेहमीचा नव्हता. मी मागून दोन मुठी लाल भाजी उपटून आणली, मुळ्या मातीसकट, अन पसरवली. पोरगा खाली मांडी घालून बसला, पँट चुरगळली तरी चिंता नाही, मले आवडलं ते. मी विचाराच्या आधीच त्यानं सुरू केलं, पगार सांगतला, घरी किती देते ते सांगतलं, बाप आजारी आहे त्याची दवाई सांगतली. पानं साफ तोडून राहिला होता, कोवळी काडी इकडं, जाड देठ तिकडं. मी म्हटलं, आता तू बोल पोरी. ती नुसती काडी तोडे अन खाली ठेवे, तोडे अन खाली ठेवे.

मग म्हणाली, "माझ्या नावावर लोन आहे."

"कशाचं?" मीच विचारलं.

"लग्नाचं. लॉनचं भाडं, केटरिंग, शूटिंगचा ड्रोनवाला. पप्पा म्हणे, तुझी सॅलरी स्लिप आहे, तुला लवकर भेटेल, मी भरतो. दोन महिने भरले. आता माझ्या पगारातूनच कटून राहिले. लग्नानंतरही चार साल कटेल." अन त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "तुम्हारे घर आने के बाद भी."

पोरगा भाजी निवडतच राहिला, पण मी पाहिलं, देठं पानाईत चालली होती अन पानं मातीत. म्हणजे पाहा तुम्ही, हुंडा नाही म्हणून भिंतीवर फोटो, अन पोरगी आपल्या लग्नाच्या मांडवाचं कर्ज आपल्याच पगारातून नवऱ्याच्या घरी बसून फेडणार, अन नवऱ्याले ते सांगायचं नाही, कावून की पैशाची गोष्ट करणं हलकं. तुमच्या बहिणीचे बैल तरी सगळ्याईले दिसत होते. हे बैल कोणाले दिसलेच नाही. पोरगा उठला, हात धुतले, म्हणाला, "आजी, मी येतो." जय भीम काही नाही, चहा नाही, गाडी सुरू केली अन गेला.

पुढचे दोन-तीन दिवस पोट्टी फोन उलटा ठेवून बसे, पुन्हा सरळ करे. जेवण नाही. मी तिच्याजवळ बसे अन माह्या मनात एकच, की मी हिचं लग्न मोडलं. लोकाईची जोडली अन हिचं मोडलं. मग एक दिवस संध्याकाळी गाडीचा आवाज आला. पोरगा आला, हातात थैली, बोरसीच्या बजारातून भाजी घेऊन आला होता. सैपाकाच्या खोलीत येऊन बसला, थैली ओतली, अन म्हणाला, "त्या दिवशी तुमची भाजी खराब केली मी. अन मी खोटं बोललो. म्हणजे अर्धं बोललो." दवाईसाठी त्यानंही मित्राकडून पैसे घेतले होते, ते सांगतले नव्हते. लग्नानंतर सांगीन म्हणून राहिला होता. पोट्टीकडं वळून म्हणाला, "पहले बता देती तो?"

ती म्हणाली, "पूछा कब था?"

"अब पूछ रहा हूँ."

मग ते दोघं बोलले. मी चुलीकडं तोंड करून बसली, ऐकलं सगळं. ठरलं ते असं, लॉन नाही, लग्न विहारात, जेवण आपल्या गल्लीत मांडव टाकून. लॉनवाला आगाऊ दिलेल्यातलं जेवढं परत देईल तेवढं बँकेत भरायचं, बाकीचं दोघाईनं मिळून, अन त्याचे मित्राचे पैसे त्याच्यानंतर. त्याची माय नाराज आहे, तिनं नातेवाईकाईले ड्रोनचं सांगून ठेवलं होतं. तिचं मी पाहीन.

माह्या पोराले मीच सांगतलं. शिफ्ट करून आला, टोपी टेबलावर ठेवली, अन मी सगळं सांगतलं, उभी राहून. तो तुमच्या फोटोकडं हात करून म्हणाला, "यांनी काय म्हटलं होतं, सगळा कॅम्प जाणते. लग्नात रुपयाचा शब्द निघणार नाही."

मी म्हटलं, "हाव. नाही निघाला. म्हणून मी सेक्टरात भांडे घासले."

"ते तं गरिबीपायी."

"गरिबी होती हे मले लग्नानंतर समजलं. आधी समजलं असतं तरी मी त्याईच्याशीच केलं असतं, कदाचित. पण डोळे उघडे ठेवून केलं असतं. अन तुह्या बापाले झाडाखाली डब्बा खावा नसता लागला."

त्यानं टोपी उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाला, "तू कदी सांगतलं नाही हे."

"तू कदी विचारलं नाही."

"अन विहारात लावलं तं लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील जे तुह्या नानाजीले म्हणत होते. वा, याले म्हणतात विचार."

तो आतमध्ये गेला. त्या दिवसापासून माह्याशी सरळ बोलत नाही. जेवण झालं का हे पोरीच्या तोंडून विचारते. काल मात्र अंगणात येऊन उभा राहिला, मी वाफ्यात होती, अन आपल्या बापाचं काढून एकदम म्हणाला, "बाबा त्या पेटीची चावी कुठं ठेवत होते?" मी म्हटलं, करगोट्याले. जातानी दवाखान्यात काढून दिली मले. त्यानं मान हलवली अन गेला. एवढंच झालं. माफी कोणी कोणाले मागत नाही आपल्या घरात, तेही तुमच्याकडूनच आलं.

पेटी पोट्टीले पाहिजे. निळा रंग उडाला आहे, मी तिच्यात डाळ ठेवत होती. धुऊन उन्हात ठेवली आहे. कुलूप गंजलं, चावी फिरत नाही. ती म्हणते नवीन कुलूप लावते, मी म्हटलं, लाव, पण दोन चाव्या करजो. ती हसली. तिले वाटलं आजी गंमत करून राहिली.

तुमचे जवाई गेले तवा लोक म्हणाले बांगड्या काढ, मी नाही काढल्या, कावून की तुम्हीच शिकवलं होतं, आपल्यात बाईले असं नागवत नाही. ते तुमचं बरोबर होतं. मी ते विसरत नाही. म्हणूनच मले तुमचा राग नीट करता येत नाही अन सोडताही येत नाही.

हे पत्र कुठं पाठवू. पोट्टी विचारत होती काय लिहून राहिली, म्हटलं, खिरीचं सामान. लग्न झालं की फाडून चुलीत टाकीन. पण एक गोष्ट विचाराची होती, त्याच्यासाठीच एवढं सगळं लिहिलं असेल बहुतेक. कोहक्यातल्या एवढ्या पोराईले मी पगार विचारला, पण तुमचा पगार किती होता बाबा, ते मले आजही माहीत नाही. मायलेही नव्हतं, ती तशीच गेली. एवढं एक वाक्य लिहाले मी दुपारपासून थांबून राहिली होती. आता लिहिलं तं हाताकडं पाहिलं, अन बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून ठेवल्या आहेत मी. कधी सरकवल्या, समजलंही नाही.